विंचू, चुना आणि धरण

गेल्या आषाढांतली गोष्ट. बाहेर पाऊस कोसळत होता, पागोळ्या अखंड गळत होत्या आणि भोरच्या आमच्या घरांत ओटीवर बसून आमची नात मोबाइलवर आलेला एक संदेश मोठ्यानें वाचीत होती. विंचवाच्या विषावर आपल्या पूर्वजांजवळ रामबाण उपाय होता, परक्यांनीं तो नेला आणि आतां तोच आपल्याला औषध म्हणून विकतात, असा त्या संदेशाचा आशय होता. वाचून झाल्यावर तिनें विचारलें, “आजोबा, तुम्ही संस्कृत शिकलेले. हें खरें का हो?”

प्रश्न सरळ होता, परंतु उत्तर देतांना माझी जीभ अडखळली. अडखळण्याचें कारण त्या मुलीला ठाऊक नव्हतें. घरांत दुसऱ्या कोणालाहि ठाऊक नव्हतें. पासष्टी उलटल्यावर तरी तें लिहून ठेवावें असें त्या दिवसापासून मनानें घेतलें आहे. शिवाय असें कीं, वैद्यक, बांधकामाचीं द्रव्यें, स्थापत्य या विषयांत नवीन शोध लागल्याच्या वार्ता हल्लीं घरोघरीं रोज येऊन आदळतात. त्यांतलें खरें कोणतें, अर्धवट कोणतें आणि निव्वळ बाजारगप्प कोणती, हें सामान्य कुटुंबानें ओळखावें कसें? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास फार लांब जावें लागत नाहीं. आमच्या भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांच्या मुलुखांत, किंवा फार तर एक घाट उतरून पलीकडे, त्याचीं तीन उत्तम उदाहरणें आहेत. तीं आज वाचकांपुढें ठेवतों.

विंचू

१९८१ सालचा वैशाख. मी नुकताच वेल्हे तालुक्यांतल्या एका डोंगरवाडीवर शिक्षक म्हणून रुजू झालों होतों. वय बावीस-तेवीस. मॅट्रिक होऊन पाठशाळेंत थोडें संस्कृत पढलेला, आणि त्याचा अभिमान मात्र थोडा नव्हे, असा तो काळ. आमच्या एका चुलत्यांनीं लहानपणीं मला विंचू उतरविण्याचा मंत्र दिला होता. ही गोष्ट वाडींत कशी कोण जाणे, पसरली होती.

एका संध्याकाळीं दिवेलागणीला एक शेतकरी आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला खांद्यावर घेऊन माझ्या खोलीशीं आला. पावसाळ्यापूर्वीं सरपण आंत भरतांना पोराच्या हाताला विंचवानें नांगी मारली होती. मुलगा माझ्याच वर्गांतला. बाप म्हणाला, “गुरुजी, इच्चू चावलाय पोराला. तुमी उतरवताय म्हनं. येवढं बगा.”

मोटाररस्ता तेथून दीड कोसावर होता आणि दवाखाना त्याहून पुढें. “आधीं दवाखान्यांत न्या” असें मीं म्हणावयास पाहिजे होतें. मीं तसें म्हटलें नाहीं. मीं हातपाय धुतले, आसन घातलें आणि मंत्र म्हणूं लागलों. तास-दीड तासानें मुलाचें विव्हळणें थांबलें. बापानें माझ्या पायांवर डोकें ठेवलें. मलाहि धन्य वाटलें.

त्या वेळीं मुलगा घामानें निथळत होता. त्याला दोनदां वांती झाली. त्याचे हातपाय गार पडले होते. हें सर्व मीं माझ्या डोळ्यांनीं पाहिलें, आणि विष उतरत असल्याचेंच हें लक्षण, असा त्याचा अर्थ लावला. पहाटे त्याला धाप लागली, तोंडाला गुलाबी फेस आला. झोळी करून लोक त्याला घेऊन डोंगर उतरले, पण पहिली मोटार येण्यापूर्वींच रस्त्याच्या कडेला त्यानें प्राण सोडला.

मला कोणीं एका शब्दानें दोष दिला नाहीं. “गुरुजींनीं त्यांच्या परीनं केलं,” असेंच सगळे म्हणाले. तें वाक्य आजवर माझ्या कानांत आहे.

आतां घाटाच्या पलीकडची हकीकत ऐका. भोरहून निघून वरंधा घाट उतरलें कीं महाड लागतें. त्या महाडाजवळ बिरवाडी येथील सरकारी आरोग्यकेंद्रांत १९७६ सालीं डॉक्टर हिंमतराव बावस्कर नांवाचे एक तरुण वैद्य रुजू झाले होते. कोंकणांतला लाल विंचू चावून माणसें, विशेषतः मुलें, त्यांच्यासमोर मरत होतीं. विंचू चावून मरण कां यावें याचा समाधानकारक उलगडा त्यांना हाताशीं असलेल्या पुस्तकांत मिळेना. मग त्यांनीं काय केलें? ते रुग्णाच्या खाटेशीं बसून राहिले. घाम केव्हां सुटला, वांती किती वेळां झाली, हातपाय केव्हां गार पडले, नाडी व रक्तदाब तासातासाला कसा बदलला, धाप केव्हां लागली, याची त्यांनीं रुग्णागणिक टिपणें ठेवलीं. या टिपणांवरून त्यांनीं काढलेला निष्कर्ष १९८२ सालीं इंग्लंडांतल्या ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाला. माझ्या विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर अवघ्या एका वर्षानें.

तो निष्कर्ष असा. या विंचवाच्या विषानें शरीरांतल्या मज्जातंतूंना जणूं आवर राहात नाहीं. भयाच्या किंवा क्रोधाच्या प्रसंगीं आपल्या रक्तांत जीं उत्तेजक द्रव्यें उतरतात, तींच एकाएकीं महापुरासारखीं लोटतात. त्यांमुळें रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतें आणि अखेर फुप्फुसांत पाणी भरतें. घाम, वांती आणि गार हातपाय हीं विष उतरल्याचीं चिन्हें नव्हत. येणाऱ्या संकटाची ती पूर्वसूचना आहे. वेदना कमी झाली म्हणजे धोका टळला, हाहि भ्रम. त्या रात्रीं माझ्यासमोर जें जें घडलें तें तें त्या टिपणांत जसेंच्या तसें होतें. बावस्करांनीं जें पाहिलें तेंच मींहि पाहिलें होतें. त्यांनीं तें लिहून ठेवलें, मीं त्यावर मंत्र म्हटला, एवढाच काय तो फरक.

रोगाची वाट कळल्यावर उपायाची वाट सांपडली. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारें प्रॅझोसिन नांवाचें एक औषध रक्तदाबासाठीं आधींपासून वापरांत होतें. तें अगदीं साध्या गोळीच्या रूपांत मिळे. बावस्करांनीं तें विंचूदंशावर योजिलें. पूर्वीं गंभीर लक्षणें झालेल्या शंभर रुग्णांपैकीं पंचवीस-तीस, कित्येकदां त्याहूनहि अधिक दगावत. या उपचारानंतर तें प्रमाण शेंकडा चारांच्या आंत आलें. पुढें मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या परंपरेंत विंचवाच्या विषावरची प्रतिविष लस तयार झाली. तेव्हांहि बावस्करांनीं ‘लस चांगली आहे’ एवढें ऐकून मान डोलावली नाहीं. त्यांनीं सत्तर रुग्ण घेतले. पस्तिसांना नुसतें प्रॅझोसिन दिलें, पस्तिसांना प्रॅझोसिन व लस दोन्ही दिलीं. दहा तासांच्या आंत पहिल्या गटांतले ८ जण पूर्ण बरे झाले, तर दुसऱ्यांतले ३२. हें २०११ सालीं प्रसिद्ध झालें. २०२२ सालीं भारत सरकारनें त्यांना पद्मश्री दिली.

आतां नातीच्या प्रश्नाकडे वळूं. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत विंचवांचे तीस प्रकार सांगितले आहेत: मंद विषाचे बारा, मध्यम विषाचे तीन आणि तीव्र विषाचे पंधरा. त्यांच्या रंगांचें व दंशाच्या लक्षणांचें वर्णनहि तेथें आहे. माझ्या मतें तें एका दक्ष निरीक्षकाचें काम आहे. सर्व विंचू सारखे नसतात, हें त्यानें ओळखलें होतें. परंतु ‘पूर्वजांना सर्व ठाऊक होतें’ असें म्हणणें म्हणजे त्या निरीक्षकाचा गौरव नव्हे. तो त्याच्या पुढच्या सर्व शिष्यांच्या आळसाला दिलेला परवाना आहे. सुश्रुताचा खरा वारस मंत्र म्हणणारा मी नव्हतों. बिरवाडीच्या खाटेशीं जागणारे ते डॉक्टर होते.

२००९ सालीं त्याच डोंगरपट्टींत आमच्या शाळेंतल्या एका मुलीला विंचू चावला. या खेपेस मीं मंत्र आठवला नाहीं. एका तरुण सहकाऱ्याची मोटारसायकल आठवली. पहिल्या दवाखान्याला कुलूप होतें. कोणत्या, तें सांगत नाहीं. दुसऱ्या ठिकाणीं डॉक्टर भेटले, गोळी मिळाली, मुलीला रात्रभर नजरेखालीं ठेवलें. तिसऱ्या दिवशीं ती परवचा म्हणत होती. मीं त्या दिवशीं वर्ग दुसऱ्याकडे सोंपवून थोडा वेळ एकटाच बाहेर जाऊन बसलों.

विंचवाच्या मानानें सापाचें संकट फार मोठें आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशांत सर्पदंशानें सुमारे बारा लाख माणसें मेलीं, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत निघाला. त्यांत खेड्यांतले, शेतांत राबणारे लोकच अधिक. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें या चार सापांचें विष घोड्यांना अल्प प्रमाणांत टोंचून त्यांच्या रक्तांतून लस काढण्याची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. ती अजूनहि लाखोंचे प्राण वाचविते. परंतु प्रांताप्रांतांतल्या एकाच जातीच्या सापाच्या विषांत फरक असतो, आणि घोड्याचें रक्तद्रव्य कांहीं रुग्णांना सोसत नाहीं. म्हणून २०२४ सालीं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेनें अमेरिकन शास्त्रज्ञांच्या सहकार्यानें घोड्यावांचून प्रयोगशाळेंत घडविलेलें एक प्रतिद्रव्य जाहीर केलें.

२०२५ सालची वार्ता तर अद्‌भुतच आहे. अमेरिकेंतल्या टिम फ्रीड नांवाच्या गृहस्थानें सुमारे अठरा वर्षें स्वतःला विषारी सापांचें विष थोडें थोडें टोंचून घेतलें आणि दोनशेंवर वेळां सापांकडून दंशहि करवून घेतला. त्याच्या रक्तांतून काढलेलीं दोन प्रतिद्रव्यें व एक औषध यांचें मिश्रण १९ जातींच्या सापांच्या विषांवर पारखण्यांत आलें. १३ जातींपासून पूर्ण व सहांपासून अंशतः संरक्षण मिळालें. आपल्याकडे ही वार्ता ‘सर्व सापांवर एकच औषध सांपडलें’ अशा मथळ्यानें फिरली. पण नीट वाचतां दोन गोष्टी दिसतात. हें संरक्षण उंदरांना मिळालें आहे, माणसांना अजून नाहीं. आणि ते १९ साप नाग-मण्यारींच्या कुळांतले आहेत, घोणस-फुरशांच्या नव्हेत. शोध खरा आहे, मोठा आहे. मात्र मथळा त्याच्याहून मोठा आहे. या उपद्‌व्यापाचें अनुकरण कोणीं करूं नये, हें सांगणें नलगे.

चुना

दुसरें उदाहरण औषधाचें नव्हे, भिंतीचें आहे. वेल्ह्याच्या तालुक्याला आतां ज्याचें नांव मिळालें आहे, तो राजगड २०२५ सालच्या जुलैंत आणखी अकरा किल्ल्यांसह युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत गेला. तेथें मुलांच्या सहली मीं कित्येक वर्षें नेल्या. जुन्या बांधकामाच्या पडक्या चुन्यांत कोठें कोठें पांढऱ्या गुठळ्या दिसतात. मुलें विचारीत, “गुरुजी, हें काय?” मी सांगें, “घाणींत चुना नीट मळला गेला नाहीं. कामगाराची हयगय.” तीस वर्षें मीं हेंच उत्तर दिलें.

गंमत अशी कीं, युरोपांतले विद्वानहि रोमन लोकांच्या काँक्रीटविषयीं बहुधा हेंच म्हणत. दोन हजार वर्षें उभ्या असलेल्या त्या बांधकामांतहि अशाच पांढऱ्या गुठळ्या आहेत. अमेरिकेंतल्या मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यालयांतले अद्‌मीर मासिच यांना मात्र शंका आली: जे कारागीर इतर सर्व बाबतींत इतके काटेकोर, ते नेमके येथेंच निष्काळजी कसे? इटलींतल्या प्रिवर्नम या प्राचीन नगराच्या भिंतींतला काँक्रीटचा तुकडा घेऊन त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तो बारकाईनें तपासला, आणि २०२३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. रोमन कारागीर आधीं विझविलेला चुना वापरण्याऐवजीं कळीचा चुना तसाच मिसळीत. पाणी पडतांच तो उसळे, मिश्रण अतिशय तापे आणि या गुठळ्या राहून जात. पुढें भिंतीला बारीक तडा गेला आणि त्यांत पाणी शिरलें, कीं पाण्यांत या गुठळ्यांतला चुना विरघळे, तड्यांत जाऊन पुन्हां घट्ट बसे व तडा आपोआप बुजे. म्हणजे ज्याला सर्वांनीं दोष म्हटलें, तोच त्या भिंतीचा गुण ठरला.

येथेंहि नुसता तर्क करून ते थांबले नाहींत. त्यांनीं दोन्ही रीतींनीं काँक्रीटचे ठोकळे केले, ते मुद्दाम चिरले आणि चिरांतून पाणी वाहूं दिलें. कळीचा चुना घातलेल्या ठोकळ्यांतलें पाणी दोन आठवड्यांच्या आंत वाहावयाचें थांबलें. दुसऱ्यांतलें वाहातच राहिलें.

यावरून आमच्या राजगडाच्या चुन्यांतहि तोच गुण आहे असें मी आज मुलांना सांगेन काय? मुळींच नाहीं. रोमन लोक ज्वालामुखीची राख वापरीत, आपल्याकडे विटांची सुरकी, वाळू, गूळ, हिरड्याचें पाणी वापरीत. मिश्रण वेगळें, म्हणून परीक्षाहि वेगळी करावी लागेल. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वज्रलेपाचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. कच्चीं टेंभुर्णीचीं फळें, कच्चें कवठ, सांवरीचीं फुलें वगैरे पाण्यांत उकळून, तें पाणी आटवून हा लेप करावा, असें तो सांगतो. पाठशाळेंत आम्हीं तें प्रकरण पाठ केलें, पण एकाहि विद्यार्थ्यानें तें पातेल्यांत शिजवून पाहिलें नाहीं. ग्रंथ पाठ असणें आणि ग्रंथ पारखणें यांत हेंच अंतर आहे.

सुरकीची मात्र गोष्ट पुढें गेली आहे. सिमेंट करण्यासाठीं चुनखडी प्रचंड उष्णतेंत भाजावी लागते. त्यांतून निघणारा कर्बवायु जगांतल्या एकूण कर्बवायूच्या शेंकडा सात-आठ भरतो. हा भार कमी करावा कसा, यावर स्वित्झर्लंडांतलें लोझानचें तंत्रविद्यालय, क्यूबांतले शास्त्रज्ञ आणि आपल्याकडच्या दिल्ली व मद्रास येथील आय. आय. टी. यांनीं मिळून काम केलें. त्यांतून निघालेल्या नव्या सिमेंटांत भट्टींतला मूळ पदार्थ सुमारे निम्म्यावर आणतात. त्याची जागा भाजलेली माती आणि न भाजलेली चुनखडीची पूड घेतात. माती कमी आंचेवर भाजते, म्हणून कर्बवायु शेंकडा चाळीसपर्यंत वांचूं शकतो. २०२३ सालीं भारतीय मानक संस्थेनें या सिमेंटासाठीं स्वतंत्र मानकहि ठरवून दिलें. भाजलेल्या मातीची पूड म्हणजे आपल्या गवंड्यांच्या सुरकीची बहीणच. परंतु कोणती माती, किती अंशांवर, किती वेळ भाजावी, याचें गणित गवंड्याच्या अंदाजांत नव्हतें. तें आतां मिळालें.

ज्या वाचकांचे जुने चुन्याचे वाडे आहेत, त्यांना जातां जातां एक सूचना. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करूं नका. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आंत कोंडतें, आणि मग दगड-विटा आंतून झिजूं लागतात. भिंत बाहेरून गुळगुळीत दिसते एवढेंच.

धरण

तिसरें उदाहरण पाण्याचें. आमच्या भोरजवळचें भाटघर धरण सुमारे ५८ मीटर उंच आणि दीड किलोमीटरहून लांब. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तें पुरें झालें आणि आजहि उभें आहे. डोंगराच्या पलीकडे, वेल्ह्याच्या हद्दींत पानशेत आहे. त्याचें नांव घेतांच पुण्याच्या जुन्या घरांतलीं वडील माणसें अजून गप्प होतात.

१२ जुलै १९६१ रोजीं सकाळीं पानशेतचें मातीचें धरण फुटलें. तें पाणी खडकवासल्यावर आदळलें, तेंहि धरण फुटलें, आणि दुपारपर्यंत पुण्याच्या पेठा पाण्याखालीं गेल्या. त्या वेळीं मी अगदीं लहान होतों. पण आमच्या मावशीचें नारायण पेठेंतलें बिऱ्हाड वाहून गेलें, आणि त्यांतून वांचलेली एक तांब्याची परात आमच्या घरीं होती. आई ती कधीं वापरीत नसे.

धरण कां फुटलें? काम अपुरें असतांनाच त्या पावसाळ्यांत त्यांत पाणी अडविण्यांत आलें होतें. मातीच्या पोटांतून पाणी सोडण्यासाठीं जी मोरी बांधली होती, तिच्या काँक्रीटांत लोखंडी सळया घातलेल्या नव्हत्या. वरच्या मातीचा भार आणि पाण्याचा दाब तिला सोसला नाहीं. मोरी खचली, तिच्यावरची माती खचली, आणि लष्कराच्या जवानांनीं रात्रभर वाळूचीं पोतीं रचूनहि ती थोपली नाहीं. पोटांतला दोष पाठीवर दिसूं लागला तेव्हां फार उशीर झाला होता.

हा धडा स्थापत्यशास्त्रानें विसरूं दिला नाहीं. मोठ्या धरणाच्या पोटांत आज पाण्याचा दाब मोजणारीं, माती किती खचली हें सांगणारीं यंत्रें बसवितात. खडकवासल्याजवळ १९१६ पासून चालत आलेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रांत नद्यांच्या व धरणांच्या लहान प्रतिकृति करून, त्यांतून पाणी सोडून, बांधण्यापूर्वींच परीक्षा घेतात. पानशेतहि पुन्हां बांधलें गेलें, आणि आजचें पुणें तें पाणी पितें.

परंतु आमच्या मुलुखाला धरणापेक्षांहि जवळचें भय डोंगराचें आहे. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतलें माळीण गांव दरडीखालीं गाडलें गेलें. दीडशेंहून अधिक माणसें गेलीं. २०२१ च्या जुलैंत महाड तालुक्यांतलें तळीये, म्हणजे आमच्या वरंधा घाटाच्या पायथ्याचाच मुलूख. २०२३ च्या जुलैंत इर्शाळवाडी. डोंगर एका क्षणांत कोसळतो असें आपण म्हणतों. पण पुष्कळ ठिकाणीं तो कोसळण्यापूर्वीं महिनोन्‌महिने अंगुळ-अर्धा अंगुळ सरकत असतो. आपल्या डोळ्यांना तें दिसत नाहीं.

तें पाहणारा डोळा आतां आकाशांत गेला आहे. माळीणच्या दुर्घटनेला बरोबर अकरा वर्षें झालीं त्याच दिवशीं, ३० जुलै २०२५ रोजीं, श्रीहरिकोट्याहून ‘निसार’ हा उपग्रह सोडण्यांत आला. भारताची इस्रो आणि अमेरिकेची नासा या दोन संस्थांनीं तो मिळून घडविला. त्याच्यावर दोन रडार आहेत आणि बारा मीटर व्यासाची जाळीची छत्री आहे. रडारच्या लहरींना ढग किंवा रात्र आड येत नाहीं. म्हणजे श्रावणांत आम्हांला समोरचा तोरणा दिसत नसला, तरी त्याला दिसूं शकतो. बारा दिवसांच्या चक्रांत तो पृथ्वीवरच्या जवळजवळ सर्व भूभागाची दोनदां पाहणी करतो. आधींची व नंतरची पाहणी ताडून जमीन एखाद्या सेंटीमीटरनें जरी सरकली, खचली वा उचलली गेली, तरी तें काढतां येतें.

तथापि एवढ्यानें निर्धास्त होण्याचें कारण नाहीं. उपग्रह कोणाच्या दारावर थाप मारून उठवीत नाहीं. त्याचीं मापें कोणीतरी वाचावीं लागतात, त्यांचा अर्थ कोणीतरी तहसिलापर्यंत व वाडीपर्यंत पोंचवावा लागतो. आणि वाडींतल्या माणसानेंहि आपले डोळे उघडे ठेवावे लागतात. उतारावरची झाडें एका बाजूला कलूं लागलीं, जमिनीला नवी भेग पडली, झऱ्याचें स्वच्छ पाणी एकाएकीं गढूळ आलें किंवा आटलें, भिंतीची दारें अडकूं लागलीं, तर तें लिहून ठेवावें, कळवावें आणि जोराच्या पावसांत तेथें झोपूं नये. उपग्रहाची नजर आणि आजीबाईची नजर या दोन्ही लागतात.

उपसंहार

विंचवाचा घाम मीं पाहिला होता. चुन्याच्या गुठळ्या सर्वांनीं पाहिल्या होत्या. डोंगर डोळ्यांसमोर रोजच असतो. या तिन्ही ठिकाणीं शोध लागला तो कोणा नव्या वस्तूचा नव्हे. नेहमीं दिसणाऱ्या गोष्टीचा सोईचा अर्थ न लावतां, कोणीतरी ती मोजली, लिहिली आणि स्वतःचें म्हणणें खोटें ठरण्याची संधि तिला दिली. संशोधन म्हणतात तें मुळांत एवढेंच. यंत्रें आणि पैसा मागाहून येतात.

म्हणून नातीला मीं तीन प्रश्न शिकविले आहेत. नवीन शोधाची वार्ता आली, मग ती पूर्वजांच्या नांवानें असो कीं परदेशच्या, तिला हे प्रश्न विचारावे. परीक्षा कोणावर झाली, उंदरावर, ठोकळ्यावर कीं माणसांवर? तुलनेसाठीं दुसरा गट होता काय? आणि जें सांपडलें त्याची दुसऱ्या कोणीं स्वतंत्रपणें पडताळणी केली काय? उत्तरें मिळालीं नाहींत तर ती वार्ता पुढें पाठवूं नये. फुकट जातें म्हणून चुकीचें औषध आपण शेजाऱ्याच्या घरीं धाडीत नाहीं. चुकीची वार्ता तरी कां धाडावी?

आणि एक गोष्ट प्रत्येक गृहिणीनें स्वयंपाकघरांत लिहून लावावी. विंचू किंवा साप चावल्यास कापूं नये, चोखूं नये, घट्ट बांधूं नये. हातांतल्या अंगठ्या, बांगड्या काढाव्या, रुग्णाला चालवूं नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनानें थेट रुग्णालय गांठावें. औषध डॉक्टरांनींच द्यावें. घाम, वांती, गार हातपाय दिसले तर एक क्षणहि दवडूं नये, मग वेदना थांबलेली असो वा नसो.

त्या संध्याकाळीं नातीच्या प्रश्नाला मीं उत्तर दिलें. १९८१ च्या वैशाखाची ती सबंध हकीकत प्रथमच तिला सांगितली. ती बराच वेळ बोलली नाहीं. मग तिनें विचारलें, “त्या मुलाचें नांव काय होतें, आजोबा?” मीं सांगितलें. तें मी कधींच विसरलों नव्हतों. तिनें मोबाइल बाजूला ठेवला, वहींत तें नांव लिहिलें आणि त्याखालीं घाम, वांती, गार हातपाय हीं तीन लक्षणें लिहिलीं.

हा लेख वाचून एखाद्या घरीं एवढी नोंद जरी झाली, तरी तो लिहिल्याचें सार्थक झालें असें मी समजेन.